नमुना १-अ वर सही करण्याआधी: ७६ वर्षांच्या एका चालकाचं प्रकरण

कोथरूडमध्ये राहणारे ७६ वर्षांचे एक निवृत्त अभियंते मुलीबरोबर आले, ते वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी. नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांनी द्यायचं वैद्यकीय प्रमाणपत्र, त्यांना हवं होतं. नाव, पत्ता, रक्तगट सगळं स्वच्छ अक्षरात आधीच भरून आणलं होतं; सहीची जागा तेवढी रिकामी. "दोन मिनिटांचं काम आहे डॉक्टर," काका म्हणाले. मुलगी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने माझ्याकडे बघून हलकेच नकाराची मान हलवली.

या कामाला काही आठवडे तरी लागतात. इथे सव्वा वर्ष लागलं. वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, आणि वडिलांच्या गाडीची किल्ली लपवून ठेवावी का या विचारात असलेल्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फॉर्ममध्ये काय विचारलंय

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीचा परवाना पंचावन्नाव्या वर्षानंतर पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. वयाची वरची मर्यादा नाही, आणि ती नसावीच असं माझं ठाम मत आहे. ऐंशीव्या वर्षी उत्तम गाडी चालवणारे आजोबा मी पाहिले आहेत आणि साठीत ज्यांनी स्टिअरिंगला हात लावू नये असेही रुग्ण पाहिले आहेत. जन्मतारखेवरून यातलं काही कळत नाही.

पण फॉर्मवरूनही फारसं कळत नाही. दृष्टिदोष आहे का, असल्यास चष्म्याने सुधारतो का, तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, हातापायांत काही व्यंग आहे का, एवढे प्रश्न. प्रतिक्रियेचा वेग, बाजूची नजर आणि प्रखर उजेडानंतर डोळे सावरायला लागणारा वेळ यांचा उल्लेख आहे, पण तो धोकादायक माल वाहून नेणाऱ्यांपुरता. उतारवयात चालकाचं खरं काय बिघडतं? एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवणं, त्यातली महत्त्वाची कुठली ते झटकन निवडणं, आणि निवडल्यावर वेळेत पाय हलवणं. त्याबद्दल सर्वसामान्य चालकाला काहीच विचारलेलं नाही.

काका त्या फॉर्मप्रमाणे सहज पास झाले असते. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी खिडकीतून समोरच्या इमारतीखाली लावलेल्या गाडीचा नंबर मला वाचून दाखवला.

काकू, मुलगी आणि गाडी

आधी काकांशी एकट्याने बोलले. हा क्रम मी मोडत नाही. रुग्ण ते आहेत, आणि पाठीमागे मुलांशी खलबत करून आलेली डॉक्टर त्यांनी का ऐकून घ्यावी? काकांचं म्हणणं स्वच्छ होतं. १९७२ पासून गाडी चालवतात, कधी कुणाला खरचटलेलं नाही, दंडाची पावती एकदाच, तीही पार्किंगची. "इंग्लंडच्या राणीचे यजमान ९७ व्या वर्षी गाडी चालवत होते," असंही त्यांनी सुनावलं.

ते खरंच आहे. त्याच प्रिन्स फिलिप यांचा जानेवारी २०१९ मध्ये सँडरिंगहॅमजवळ अपघात झाला. बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि त्या गाडीतल्या एका बाईंचं मनगट मोडलं. डोळ्यांवर ऊन आलं होतं, असं त्यांनी त्या बाईंना पत्राने कळवलं, आणि फेब्रुवारीत परवाना परत केला. वृद्ध चालकांचे अपघात बहुधा याच जातीचे असतात. वेग किंवा दारू त्यांना क्वचितच नडते. नडतो तो चौक, वळण, मुख्य रस्त्याला लागण्याचा क्षण. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडे सगळ्यात अवघड ठरतं ते सिग्नल नसलेल्या चौकातलं उजवं वळण.

मुलीकडे दोन तक्रारी होत्या. पहिली, चांदणी चौकात बाबा रस्ता चुकले. याला मी फार महत्त्व दिलं नाही. २०२३ मध्ये तिथले नवे पूल आणि रॅम्प सुरू झाल्यापासून भलेभले बावधनला जायला निघतात आणि भलतीकडेच उतरतात. दुसरी तक्रार मात्र मी अधोरेखित केली. कर्वे पुतळ्यापासून घरी येताना, म्हणजे तीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर, ते एका गल्लीत थांबले आणि कुठे वळायचं ते त्यांना काही वेळ सुचेना.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या. वय ७१, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा दुखतो, स्वतः कधीच गाडी चालवली नाही. बँक, मंडई, फिजिओथेरपी, दशभुजा गणपती, सगळीकडे काकाच नेणार. त्यांना विचारलं, गाडीत शेजारी बसल्यावर भीती वाटते का? "भीती कसली? मी असते ना सांगायला. डावीकडून येतोय, थांबा, आता जा. मी सांगितलं की बरोबर थांबतात."

नवऱ्याचा कमीपणा दिसू नये म्हणून त्या हे काम मनापासून करत होत्या. पण शेजारच्या माणसाच्या सूचनांवर गाडी चालत असेल तर चालकाची अर्धी नजर दुसऱ्याकडून आलेली असते. मुलीला हे माहीतच नव्हतं, कारण ती गाडीत असली की पुढे तीच बसते आणि सूचनाही नकळत तीच देते. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१० मध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या चालकांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. "मी नीट चालवतो" हे रुग्णाचं स्वतःचं मत धोका ओळखायला उपयोगी पडत नाही, घरच्यांचं "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" हे मत पडतं.

मग आम्ही खाली जाऊन गाडी पाहिली. प्रत्येक वृद्ध चालकाची गाडी पाहावी, ती पुष्कळ सांगते. पांढरी छोटी गाडी, हाताने बदलायचे गिअर. उजवी बाजू नव्यासारखी. डाव्या बाजूला मागच्या दारापासून चाकाच्या कमानीपर्यंत लांब ओरखडा, त्यात पिवळा आणि काळा रंग घासून बसलेला. सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला तेच पट्टे आहेत. डावा आरसा चिकटपट्टीने बसवलेला, आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर एकावर एक तीन वेगवेगळ्या उंचीचे पोचे. रंग उडालेल्या जागी कुठे ताजा पत्रा चमकत होता, कुठे गंज चढला होता, म्हणजे हे सगळं एका दिवसाचं नव्हतं. काकांनी खांबाला दोष दिला.

औषधांची पिशवी

मी औषधांची यादी मागत नाही, पिशवीच आणायला सांगते. काकांच्या पिशवीत मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन निघाली. रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम, कुणीतरी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली आणि मग वर्षानुवर्षं चालू राहिलेली. शिवाय औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, ज्यात क्लोरफेनिरामिन होतं. अल्प्राझोलाम आणि क्लोरफेनिरामिन या दोन्हींनी म्हाताऱ्या मेंदूवर दिवसाही झापड राहते. माणूस पेंगत नाही, त्यामुळे त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही.

ग्लिमेपिराइडचा मुद्दा मात्र मुलीच्या एका वाक्यातून हाती लागला. गल्लीत थांबून राहिले तो दिवस कुठला होता, असं मी विचारलं. "संकष्टी होती," ती म्हणाली, "म्हणून तर लक्षात आहे. दर्शन घेऊन येत होते." काका संकष्टीला चंद्रोदयापर्यंत फक्त चहा-पाण्यावर राहतात. सकाळची गोळी मात्र घेतात, कारण औषधाला उपवास नसतो असं त्यांना वाटतं. ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन बाहेर काढायला लावते. संध्याकाळी साखर घसरलेली असणार, हे उघड होतं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ होती. तरुण माणसाला शाबासकी द्यावी असा हा आकडा, पण ७६ व्या वर्षी ही गोळी चालू असताना साखर वारंवार फार खाली जात असल्याची शंका येते.

बी-१२ जीवनसत्त्व १६०, म्हणजे कमी निघालं. शाकाहार आणि वर्षानुवर्षांचं मेटफॉर्मिन, त्यामुळे नवल नव्हतं. थायरॉइड ठीक. मेंदूच्या एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल होते.

खोलीतली तपासणी

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्याची नजर चांगली, ६/९. डाव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू, नजर अधू, ६/२४. काचबिंदू नव्हता. मान डावीकडे अर्धीच वळत होती. चौकात डावीकडे बघायचं तर खांदे फिरवावे लागतात, आणि पट्टा लावल्यावर खांदे फिरत नाहीत. दहा फूट जाऊन परत यायचं, होईल तितक्या झपझप, या साध्या चाचणीला त्यांना ११ सेकंद लागले. नऊच्या वर गेलं की पायांकडे लक्ष द्यावं. उजव्या तळव्यावर नायलॉनच्या धाग्याचा स्पर्श पुढच्या भागात कळत नव्हता, मधुमेहाने नसा बोथट झालेल्या. ब्रेक आणि अॅक्सिलरेटरवर हाच पाय असतो, आणि काका गाडी चालवायचे ते सैल सँडल घालून.

पायाच्या गोंधळाची गोष्ट मी काकांना मुद्दाम सांगितली. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला. रस्ता ओलांडणारी एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्यात गेली. गाडीतच बिघाड होता असं तो चालक पुढे न्यायालयात सांगत राहिला, आणि त्याला खरोखर तसंच वाटत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तळव्याला पेडल कळलं नाही तर पायाने काय केलं हे डोक्यापर्यंत पोचत नाही.

मोका ही स्मृती आणि आकलनाची चाचणी मराठीतून घेतली, ३० पैकी २१. घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं. वर्तुळ अभियंत्याला शोभेल असं, बाराही आकडे जागच्या जागी. काटे मात्र एक अकराकडे आणि एक दहाकडे. दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा दोनवर, हे त्यांना माहीत आहे, पण "दहा" हा शब्द कानावर पडला आणि हात दहाच्या आकड्याकडे गेला. समोर जे ठळक आहे त्याच्या मागे जाणं आणि नियम बाजूला राहणं, हे चौकातही होतं.

ट्रेल मेकिंग चाचणीच्या दुसऱ्या भागात कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची असतात: एक, ए, दोन, बी. तीन मिनिटांच्या वर वेळ लागला तर गाडीबद्दल काळजी करावी असा संकेत आहे. काकांना २१४ सेकंद लागले आणि दोन चुका झाल्या. ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी रंगीत आकड्यांची चाचणी आहे, ती वापरावी. इंग्रजी न येणाऱ्या आजींना ए-बी-सी जोडायला लावून नापास करणं हा अन्याय आहे.

एवढ्या कागदांवर "अनफिट" लिहून मोकळं होता आलं असतं. पण कागदावरचे आकडे धोका सुचवतात, तो सिद्ध करत नाहीत.

रस्त्यावर

ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात यासाठी केंद्रं आहेत, प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं करण्याची क्षमता तपासणारे तज्ज्ञ आहेत. आपल्याकडे ही व्यवस्था रुळलेली नाही. आम्ही एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलची, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी घेतली. काकांच्या शेजारी जुने-जाणते प्रशिक्षक, मागे आमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट वही घेऊन. काकू घरी. परवाना संपायला अजून सहा महिने होते; नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीही करता येतो आणि काका शिस्तीचे, म्हणून लवकर आले होते. ही शिस्त आमच्या फार उपयोगी पडली.

सकाळी अकराची वेळ. आधी डहाणूकर कॉलनीतल्या शांत गल्ल्या, मग कर्वे रस्ता, मग सिग्नल नसलेले दोन चौक, एक यू-टर्न, शेवटी उलटं घेऊन पार्किंग.

गिअर, क्लच, चढावर गाडी धरणं, सगळं लोण्यासारखं. पार्किंग तर थेरपिस्टपेक्षा सरस. पन्नास वर्षांची सवय हातापायांत मुरलेली असते आणि ती सगळ्यात शेवटी जाते. घरच्यांची फसगत नेमकी इथेच होते. "चालवतात की व्यवस्थित," असं म्हणणारे शेजारी ही हातापायांची सवय बघत असतात.

पहिल्या बिनसिग्नलच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. काका थांबले, समोरून येणारी बस जाऊ दिली, आणि निघाले. बसच्या आडून तिच्या डाव्या अंगाने एक मुलगी स्कूटरवर येत होती. बसवरून काकांचं लक्ष हललंच नव्हतं. प्रशिक्षकांनी ब्रेक दाबला. दुसऱ्या चौकात डावीकडून रस्ता ओलांडणारे आजोबा, पुन्हा प्रशिक्षकांचा ब्रेक. "पेट्रोल पंपानंतर डावीकडे आणि मग लगेच उजवीकडे" अशी दुहेरी सूचना दिली की दुसरी अर्धी हरवायची. सिग्नलच्या चौकांत मात्र एकही चूक नाही.

उतरल्यावर प्रशिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हात-पाय पक्के आहेत त्यांचे. बघतात पण सगळीकडे. नुसतं दिसत नाहीये त्यांना." इतकं नेमकं निदान मला अहवालात लिहिता आलं नसतं.

आधी दुरुस्ती

काकांना समोर बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या. आज गाडी चालवणं धोक्याचं आहे. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, तेव्हा चार महिने गाडी बंद, मग पुन्हा चाचणी. वय झालं म्हणून हे नाही, हे त्यांना पटलं, कारण घड्याळाचा कागद त्यांच्याच हातात होता आणि काटे चुकलेत हे आता त्यांना दिसत होतं.

ग्लिमेपिराइड बंद केली आणि साखर फार खाली न नेणारी गोळी सुरू केली. अल्प्राझोलाम एकदम तोडता येत नाही. दहा आठवड्यांत हळूहळू उतरवली, त्यातले तीन आठवडे झोपेचे फार हाल झाले आणि काका माझ्यावर चिडले. सर्दीच्या गोळ्या बंद, बी-१२ची इंजेक्शनं, मानेचे व्यायाम, नाडीचे बूट, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन.

या काळात एकदा काकू औषधं न्यायला एकट्या आल्या. काका गाडी चालवत नाहीत ना, असं सहज विचारलं. "छे छे, हातसुद्धा लावला नाही गाडीला. फक्त स्कूटरवर जातात."

घरात गाडी म्हणजे चारचाकी. स्कूटरला कुणी वाहनात मोजतच नाही, ती चपलेसारखी दाराशी असते. बूथवर दूध आणायला, वाण्याकडे, पेन्शनच्या कामाला, रोज ती निघत होती. उलट चारचाकी बंद झाल्यामुळे स्कूटरच्या फेऱ्या वाढल्या होत्या. बोथट तळवे, न वळणारी मान, टॅम्सुलोसिनमुळे उठताना पडणारा रक्तदाब, आणि भोवती पत्र्याचं संरक्षण नाही. काकांच्या स्वतःच्या जिवाला स्कूटरचा धोका गाडीपेक्षा कितीतरी जास्त होता. पुण्यासारख्या शहरात ज्येष्ठांच्या वाहनचालनाबद्दल पहिला प्रश्न दुचाकीचा विचारावा, आणि तो "स्कूटर" हा शब्द उच्चारून विचारावा.

स्कूटरवर मी तडजोड केली नाही. मुलीने ती त्याच आठवड्यात विकली.

सही

चार महिन्यांनी मोका २५, ट्रेल मेकिंग १५६ सेकंद, एक चूक. घड्याळाचे काटे जागेवर. एचबीए१सी ७.२, आणि या वयाला ते मला चालतं. रस्त्यावर तेच चौक, तेच प्रशिक्षक. एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही. उजव्या वळणावर काका आता एकदा जास्त थांबत होते, मागचे हॉर्न वाजवत होते आणि काका त्यांना वाजवू देत होते. त्याचे गुण मी मनात दिले.

म्हणजे काका पूर्ण फिटही नव्हते आणि अनफिटही नव्हते. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, गर्दी टाळून चालवायला योग्य. रात्री, महामार्गावर, पावसात अयोग्य. ब्रिटनमध्ये प्रकृतीच्या कारणाने कमी मुदतीचा परवाना देतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या नियमांप्रमाणे ८५ नंतर दर दोन वर्षांनी रस्त्यावरची चाचणी द्यायची किंवा घराच्या आसपासपुरता मर्यादित परवाना घ्यायचा. आपल्या फॉर्ममध्ये मात्र फिट किंवा अनफिट, मधलं काही नाही. हा फॉर्म बदलायला हवा असं मला कळकळीने वाटतं. मधली जागा नसल्यामुळे डॉक्टर एकतर डोळे मिटून सही करतात किंवा कारण न सांगता नाकारतात, आणि दोन्हीकडे भरडला जातो तो काकांसारखा माणूस.

मी सही केली. पण आधी एका कागदावर काका, काकू, मुलगी आणि मी, चौघांनी लिहून ठरवलं: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, घरापासून पाच किलोमीटरच्या आत, उपवासाच्या दिवशी नाही, नवीन औषध सुरू झाल्यास मला विचारल्याशिवाय नाही, सिग्नल नसलेलं उजवं वळण टाळून पुढे जाऊन वळायचं, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. या कागदाला कायद्याचं बळ नाही, पण त्यावर काकांची सही होती आणि ते शब्दाला जागणारे आहेत. दुचाकीचा प्रकार त्यांनी परवान्यातून स्वतःहून कमी करून घेतला. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर तशी सोय आहे.

अकरा महिन्यांनंतर

सहा महिन्यांच्या तपासणीत सगळं जागेवर होतं. अकराव्या महिन्यात मुलीचा फोन आला. विजेचं बिल दोनदा भरलं गेलं होतं, सकाळची औषधं दुपारी पुन्हा घेतली होती, आणि काकू गाडीत परत "थांबा, आता जा" म्हणू लागल्या होत्या. या वेळी काकूंनी ते स्वतःहून सांगितलं.

मोका १८. ट्रेल मेकिंगचा दुसरा भाग पाच मिनिटांत पुरा झाला नाही. रोजच्या व्यवहारात चुका होऊ लागल्या म्हणजे आता ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती, आणि या वेळी दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रशिक्षकांना पुन्हा बोलावलं नाही.

काकांना मीच सांगितलं, मुलीला सांगू दिलं नाही. माझ्या पॅडवर औषधांच्या खाली लिहून दिलं: "कोणतंही वाहन चालवू नये." अशी चिठ्ठी घरात फार कामाची असते. वाद झाला तर राग डॉक्टरवर निघतो, मुलीवर नाही, आणि रुग्ण विसरला तरी कागद विसरत नाही. काका भांडले. परवाना आणखी चार वर्षं चालू आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते खरं होतं. न ऐकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत काय करता येतं तेही घरच्यांना सांगून ठेवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आजारामुळे चालक अयोग्य झाला आहे असं मानायला कारण असेल तर परवाना प्राधिकारी त्याच्याकडून नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. डॉक्टरने स्वतःहून कळवलंच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही, पण समाजाला गंभीर आणि स्पष्ट धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद करण्याची मुभा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. इथे तिथवर जावं लागलं नाही. गाडी मुलीने तिच्या घरी नेली; दारात उभी असलेली गाडी आणि खिशात नसलेली किल्ली, हा रोजचा छळ कुणाला सोसायला लावू नये.

गाडी गेल्यावर

गाडी बंद करा म्हणणं सोपं आहे. ती बंद झाल्यावर मंगळवारी फिजिओथेरपीला काकूंना कोण नेणार, हे ज्या डॉक्टरने विचारलं नाही त्याचे उपचार अर्धेच राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या एका आढाव्यात गाडी सोडलेल्या ज्येष्ठांमध्ये नैराश्याच्या लक्षणांची शक्यता जवळपास दुप्पट आढळली होती. काकांची नैराश्याची चाचणी पहिल्या महिन्यात १५ पैकी ८ आली. ते सोसायटीच्या बाकावर जाईनासे झाले होते, कारण तिथे सगळे "गाडी कुठे दिली?" विचारत.

उपाय काकांच्याच वहीतून निघाला. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, पीयूसी आणि सोसायटीचं पार्किंग यांचा वर्षाचा खर्च त्यांनी मुलीच्या मदतीने काढला, तो सत्तर हजारांच्या आसपास गेला. ओळखीच्या एका रिक्षावाल्याशी महिन्याला चार हजार ठरले, मंगळवार, शुक्रवार आणि संकष्टीच्या फेऱ्या धरून. म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, वर बावीस हजार शिल्लक. काकांनी ही बेरीज-वजाबाकी मला दोनदा दाखवली. डेक्कनला जायचं तर आयडियल कॉलनी स्टेशनवरून मेट्रो आहे, ती काकूंनाच जास्त आवडली आहे. मोबाइलवरून रिक्षा बोलवायलाही त्या शिकल्या. पत्ता त्या घालतात, काका पुढचा रस्ता रिक्षावाल्याला सांगतात आणि अजून तरी बरोबर सांगतात.

तिसऱ्या महिन्यात नैराश्याची चाचणी ५ पर्यंत खाली आली. बी-१२ चालू आहे, संकष्टीला आता दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि एक फळ घेतात. पुढच्या भेटीत काकूंच्या दुसऱ्या गुडघ्याचं ठरवायचं आहे, आणि मुलीने बँकेचे व्यवहार आपल्याकडे घ्यावेत का हा विषय काकांसमोर काढायचा आहे. तो गाडीपेक्षा कठीण जाईल, असं मुलीला आत्ताच वाटतं आहे.